सगळ्यांना आपापल्या जागी परत पाठवणारा स्टॉपर

७ मार्च २०२१. अ‍ॅनफिल्डवर प्रेक्षक नाहीत, समोर तळाशी चाचपडणारा फुलहॅम, आणि लिव्हरपूल ०-१ हरलं. घरच्या मैदानावर प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेतला हा सलग सहावा पराभव. बर्नली, ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी आणि आता फुलहॅम. ज्या मैदानावर हा संघ लीगचे ६८ सामने हरला नव्हता, तिथे दीड महिन्यात हे झालं. २८ सामन्यांत ४३ गुण आणि आठवा क्रमांक. आदल्याच वर्षी विजेता ठरलेला संघ पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे लीगमधल्या पहिल्या चार संघांना मिळणाऱ्या युरोपच्या क्लब स्पर्धेत, दिसेल, असं त्या रात्री कुणी पैजेवरही म्हणालं नसतं.

२३ मे रोजी मोसम संपला तेव्हा तोच संघ ६९ गुणांवर तिसरा होता. शेवटच्या दहा सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी, पराभव एकही नाही. या अडीच महिन्यांची गोष्ट सांगताना लोकांना आठवतो तो अ‍ॅलिसनचा हेडर, आणि ते साहजिकच आहे. गोलकीपरने भरपाईच्या वेळेत हेडरने सामना जिंकून देणं हे आयुष्यात एकदाच बघायला मिळतं. पण प्रकरण नीट उलगडायचं तर एका वेगळ्या माणसाकडे बघावं लागतं. त्याचं नाव नॅट फिलिप्स. उंची १.९० मीटर, गाव बोल्टन, आणि मोसम सुरू झाला तेव्हा क्लबच्या हिशेबात त्याची जागा जवळजवळ शून्य.

बचावाच्या मधोमध खेळणाऱ्याला आपल्याकडे मैदानावर आजही 'सेंटर बॅक' म्हणण्याऐवजी 'स्टॉपर' म्हणतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला विचारा, तोही हाच शब्द वापरेल. फिलिप्सला हा शब्द जितका शोभतो तितका आजच्या फार कमी खेळाडूंना शोभतो. आजकालच्या बचावपटूकडून चाळीस यार्डांचा पास, चेंडू घेऊन पुढे घुसणं, मिडफिल्डमध्ये एक माणूस जास्तीचा तयार करणं अशा शंभर अपेक्षा असतात. फिलिप्सचं काम एवढंच: आला चेंडू थांबव.

तो त्या मोसमात तिथे होता, हाच मुळात योगायोग. वडील जिमी फिलिप्स हे बोल्टन वाँडरर्सचे जुने बचावपटू. मुलगाही त्याच अकादमीत वाढला, पण २०१६ मध्ये क्लबने त्याला सोडलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठात शिष्यवृत्तीवर जायचं ठरत आलं होतं. तेवढ्यात लिव्हरपूलच्या २३ वर्षांखालील संघाकडून बोलावणं आलं. पुढे २०१९-२० मध्ये तो लोनवर, म्हणजे मोसमापुरता उसना, जर्मनीत श्टुटगार्टकडे गेला आणि तो संघ दुसऱ्या विभागातून वर चढला. मधेच जानेवारी २०२० मध्ये त्याला परत बोलावून एव्हर्टनविरुद्धच्या एफए कपच्या सामन्यात उतरवलं. १-० असा तो सामना लिव्हरपूलच्या जवळजवळ दुय्यम संघाने जिंकला, कर्टिस जोन्सच्या गोलमुळे. फिलिप्स लगेच श्टुटगार्टला परत. २०२० च्या उन्हाळ्यात तो क्लब सोडण्याच्या बेतातच होता, म्हणून चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीसाठी दिलेल्या यादीत त्याचं नावही घातलं नव्हतं. या एका गोष्टीची किंमत पुढे बरीच मोजावी लागली.

त्याच उन्हाळ्यात देयान लॉवरेन झेनितला विकला गेला आणि त्याच्या जागी कुणी आणलं नाही. म्हणजे व्हॅन डाइक, जो गोमेझ आणि जोएल मातिप एवढे तीनच पक्के स्टॉपर. मातिपचं शरीर किती साथ देतं हे क्लबला चांगलं माहीत होतं. हा हिशेब कुणी केला असेल तो असो, तो घरातली एकच छत्री घेऊन जुलैत कोकणात जाण्यासारखा होता.

१७ ऑक्टोबर, एव्हर्टनचं गुडिसन पार्क. त्यांचा गोलकीपर पिकफर्डच्या धडकेत व्हॅन डाइकचा गुडघा गेला, तो मोसमभरासाठी. नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या सरावात गोमेझचाही गुडघा गेला. २८ जानेवारीला टॉटनहॅमविरुद्ध मातिपचा घोटा गेला आणि मोसम तिथेच संपला. तिघांपैकी तिघे. मधल्या काळात फबिन्यो हा बचावात्मक मिडफिल्डर स्टॉपर म्हणून खेळला आणि सुरुवातीला तरी अफलातून खेळला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये आयाक्सविरुद्ध त्याने गोलरेषेवरून काढलेला चेंडू ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. पण त्यालाही मिट्यिलँडविरुद्ध मांडीचा स्नायू दगा देऊन गेला. फिलिप्स यादीत नसल्यामुळे युरोपच्या सामन्यात त्या जागी १९ वर्षांचा ऱ्हीस विल्यम्स आला. आदल्या मोसमात हा मुलगा किडरमिन्स्टर हॅरियर्सकडून सहाव्या स्तरावर खेळत होता.

चार दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, वेस्ट हॅमविरुद्ध फिलिप्सने प्रीमियर लीगमध्ये पदार्पण केलं. लिव्हरपूल २-१ जिंकलं आणि सामनावीर ठरला तो. सेबास्तियाँ हालेर हा धिप्पाड स्ट्रायकर त्याच्या अंगावर होता, आणि हवेतला जवळजवळ प्रत्येक चेंडू फिलिप्सच्या डोक्याला लागून परत गेला. सामन्यानंतर लिव्हरपूलचा प्रशिक्षक युर्गन क्लॉपने जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा, की चेंडू पायात असताना हा काही मेस्सी नाही, पण हवेत राक्षस आहे. कौतुक होतं ते, पण त्यात एक 'पण' अडकलेला होता. पुढचे चार महिने त्या 'पण'नेच निर्णय घेतले, असं माझं मत आहे.

कारण पुढे काय झालं पहा. फिलिप्स हाताशी असूनही फबिन्यो, आणि तो नसेल तेव्हा कर्णधार जॉर्डन हेंडरसन, स्टॉपरच्या जागी खेळत राहिले. कधी कधी दोघेही एकदम. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ०-० झाला तेव्हा तीच जोडी, मँचेस्टर सिटीने अ‍ॅनफिल्डवर ४-१ ने धुतलं तेव्हाही तीच. हे दोघे त्या जागेवर वाईट खेळत होते असं नाही. दुखणं त्यांच्या पुढच्या जागेत होतं. संघाची मधली फळी म्हणजे त्या संघाचं इंजिन होतं. चेंडू हरवला की पाच-सहा सेकंदांत तो परत मिळवायचा, ही क्लॉपची पद्धत फबिन्यो आणि हेंडरसनच्या पायांवर चालायची. तेच दोघे तीस यार्ड मागे उभे राहिल्यावर थियागोच्या मागे आधार देणारा कुणी उरला नाही. बायर्नमधून आलेला एवढा देखणा खेळाडू, आणि लोक त्यालाच दोष देऊ लागले की याच्यामुळे संघ मंदावला. १९ डिसेंबरला क्रिस्टल पॅलेसवर ७-० असा पाऊस पाडणारा संघ जानेवारीत गोल करायला विसरला. भोक पडलं होतं मागे, ते बुजवायला माती काढली मधून, आणि कोसळली पुढची भिंत.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत संपताना, दोन स्टॉपर आले. शाल्केकडून लोनवर ओझान कबाक आणि प्रेस्टनकडून बेन डेव्हिस. डेव्हिस लिव्हरपूलसाठी एकही अधिकृत सामना खेळला नाही. कबाक खेळला, पण सुरुवात खडतर झाली. लेस्टरविरुद्ध अ‍ॅलिसन आणि त्याच्यात चेंडू कुणाचा यावरून गोंधळ झाला आणि सामना ३-१ ने गेला. २० फेब्रुवारीला एव्हर्टनविरुद्ध हेंडरसन जखमी झाला आणि बदली म्हणून फिलिप्स आला. म्हणजे मिडफिल्डरला मागे खेळवायचा पर्याय संपल्यावर खऱ्या स्टॉपरवर पाळी आली.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मांडली पाहिजे, नाहीतर हे प्रकरण पोवाडा होईल. ब्रायटनविरुद्धच्या पराभवात फिलिप्स होता. ज्या फुलहॅमच्या सामन्यापासून मी सुरुवात केली, त्यातही तो होता, ऱ्हीस विल्यम्सच्या जोडीला. म्हणजे 'फिलिप्स आला आणि संघ जिंकू लागला' हे साधं सूत्र खोटं आहे. पण फुलहॅमच्या सामन्यात सुरुवातीच्या अकरांत फबिन्यो नव्हता. ब्रायटनविरुद्ध हेंडरसन फिलिप्सच्या शेजारी, स्टॉपर म्हणूनच खेळत होता.

जोडणी जुळली ती फुलहॅमनंतर तिसऱ्या दिवशी, १० मार्चला बुडापेस्टमध्ये. करोनाच्या निर्बंधांमुळे चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीतले लाइपझिगविरुद्धचे दोन्ही सामने तिथेच झाले. आपल्याकडे मध्यरात्र उलटून दीड वाजला होता. मागे कबाक आणि फिलिप्स, त्यांच्या समोर फबिन्यो, त्याच्या बाजूला थियागो. चॅम्पियन्स लीगमधला फिलिप्सचा पहिलाच सामना, कारण बाद फेरीच्या नव्या यादीत शेवटी त्याचं नाव आलं होतं. लिव्हरपूल २-० जिंकलं. पण स्कोअरपेक्षा जास्त डोळ्यांत भरलं ते हे, की चेंडू हरवल्यावर कुणाचीही पळापळ होत नव्हती. फबिन्यो आडवा सरकून वाट अडवायचा, आणि मग नाइलाजाने वरून आलेला चेंडू फिलिप्सच्या डोक्यावर पडायचा. तो चेंडू तो कुठे घालतो याचं सौंदर्यशास्त्र नव्हतं. कधी थेट प्रेक्षकांच्या रिकाम्या खुर्च्यांत. पण तो चेंडू परत लगेच येत नसे, कारण पुढे माणसं आपापल्या जागी होती.

श्रेय द्यायचं तर ते नेमकं या गोष्टीचं द्यायला हवं. फिलिप्स व्हॅन डाइकसारखा खेळला नाही, कुणीच खेळणार नव्हतं. त्याने एवढंच केलं की स्टॉपरची जागा स्टॉपरने भरली, आणि त्यामुळे फबिन्यो परत फबिन्यो झाला, थियागो परत थियागो झाला, आणि पुढे सालाह आणि मानेपर्यंत चेंडू वेळेत पोचू लागला. एक माणूस स्वतःच्या कामात बरा असला की बाकीचे चार आपल्या कामात उत्तम होतात. ऑफिसात, बँकेत, लग्नाच्या पंगतीत वाढतानाही हे आपण बघतो. वाढप्यालाच भात शिजवायला लावला की भातही बिघडतो आणि वाढपही.

आता शेवटच्या दहा सामन्यांचा हिशेब. वुल्व्हजविरुद्ध १-०, तेही त्यांच्या मोलिन्यू मैदानावर, दियोगो जोटाच्या गोलवर. आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर ३-०. अ‍ॅस्टन व्हिलाला २-१. मग फिलिप्सचा स्नायू दुखावला आणि लीड्स व न्यूकॅसल हे दोन सामने तो बाहेर बसला. फबिन्यो पुन्हा मागे गेला, दोन्ही सामने १-१ सुटले. दोन्हींत आधी आघाडी होती आणि शेवटी शेवटी गोल खाल्ला. न्यूकॅसलविरुद्ध तर भरपाईच्या वेळेत, जो विलॉककडून. फिलिप्स परतला आणि साउथॅम्प्टन २-०, मँचेस्टर युनायटेड ४-२, वेस्ट ब्रॉम २-१, बर्नली ३-०, क्रिस्टल पॅलेस २-०. म्हणजे दहांपैकी ज्या आठ सामन्यांत तो होता ते आठही जिंकले, आणि त्यांत गोल खाल्ले फक्त चार. पाच सामन्यांत एकही नाही.

आठ सामने म्हणजे काही मोठा नमुना नव्हे, हे मान्य. विरोधकही सगळे तोलामोलाचे नव्हते. वेस्ट ब्रॉम खालच्या विभागात घसरलाच होता, पॅलेसला मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि वेस्ट ब्रॉमविरुद्ध ९५ व्या मिनिटाला अ‍ॅलिसन कॉर्नरसाठी पुढे धावला नसता, तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती. त्या रविवारी महाराष्ट्रात कडक निर्बंध होते, घराबाहेर पडायचं नव्हतं, आणि रात्री अकराच्या सुमारास सोसायटीतल्या दोन-तीन घरांतून एकदम ओरडा ऐकू आला तेव्हा कळलं की आपल्या इमारतीत आणखीही लिव्हरपूलवाले राहतात.

युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवरचा सामना मात्र वेगळा काढून बघावा असा आहे, कारण त्यात हा माणूस पूर्ण दिसतो. २ मे रोजी युनायटेडच्या समर्थकांनी मालकांविरुद्ध निदर्शनं केल्यामुळे तो पुढे ढकलला गेला आणि १३ मे रोजी झाला. दहाव्या मिनिटाला ब्रुनो फर्नांडिसचा फटका फिलिप्सला लागून दिशा बदलून जाळ्यात. साधारण कुणीही त्यानंतर आवरतं घेतलं असतं. थोड्या वेळाने युनायटेडच्या पेनल्टी क्षेत्रात गडबड उडाली तेव्हा हाच माणूस तिथे होता, आणि त्याने मारलेल्या चेंडूला जोटाने टाच लावून बरोबरी साधली. दियोगो जोटा २०२५ च्या जुलैत अपघातात गेला. त्यामुळे ती टाच आता बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. पुढे फिरमिनोने दोन, शेवटी रिकाम्या अर्ध्या मैदानातून धावत जाऊन सालाहने एक. मागे फिलिप्स आणि ऱ्हीस विल्यम्स. दोघांची मिळून प्रीमियर लीगची शिदोरी मोसमाआधी शून्य सामन्यांची.

बर्नलीच्या टर्फ मूरवर १९ मे रोजी जे झालं ते तर त्याच्यासाठीच लिहून ठेवल्यासारखं. बर्नली म्हणजे उंचावरून चेंडू टाकून समोरच्याची हाडं मोजणारा संघ. आदल्या वर्षी असा सामना मऊ बचावाला जड गेला असता. फिलिप्सला मात्र हे घरचं अंगण. ५२ व्या मिनिटाला मानेच्या क्रॉसवर त्याने हेडर घालून गोल केला, लिव्हरपूलसाठीचा त्याचा पहिला. थोड्याच वेळात दुसऱ्या टोकाला बेन मीचा गोलकडे निघालेला हेडर त्याने रेषेवरून डोक्यानेच बाहेर काढला. एक इकडे घातला, एक तिकडे काढला. त्या विजयाने लिव्हरपूल गोलफरकावर लेस्टरला मागे टाकून चौथं आलं. शेवटच्या दिवशी तिसरं.

दोष नव्हते असं नाही, आणि ते दिसले तेही सगळ्यात मोठ्या मंचावर. ६ एप्रिलला माद्रिदमध्ये, चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात, रिआल माद्रिदच्या टोनी क्रूसने अर्ध्या मैदानावरून टाकलेला चेंडू व्हिनिसियसने फिलिप्स आणि अलेक्झांडर-अर्नॉल्डच्या मधून धावत छातीवर घेतला आणि गोल केला. फिलिप्सच्या पायांत तो वेग नाही. मागे मोकळं मैदान आणि समोर पळणारा माणूस असला की तो हरतो. ३-१ चा तो सामना, आणि अ‍ॅनफिल्डवर ०-०, तिथे युरोपची वाट संपली. शिवाय चेंडू पायात असताना तो पहिला सुरक्षित पर्याय शोधतो. क्लॉपला बचावरेषा मैदानात बरीच पुढे हवी असायची, मागे मोकळी जागा सोडून, आणि तिला असा स्टॉपर कायमचा चालणार नाही. म्हणून त्याला व्हॅन डाइकचा वारस म्हणणारेही चुकले, आणि 'चॅम्पियनशिपच्या', म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या विभागाच्या, 'लायकीचा' म्हणून मोडीत काढणारेही. तो बरोबर तेवढाच चांगला होता जेवढी गरज होती, आणि गरज होती तेव्हाच. त्या मोसमात लीगचे १७ आणि युरोपातले तीन, असे वीस सामने.

त्याच हिवाळ्यात, फुलहॅमच्या सामन्याच्या सात आठवडे आधी, ब्रिस्बेनला भारताचे पहिल्या फळीतले बहुतेक सगळे गोलंदाज जायबंदी होते, आणि पालघरच्या शार्दूल ठाकूरने वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागीदारी करून, वर सामन्यात सात बळी घेऊन आपल्याला गॅबावरचा विजय दाखवला. राखीव खेळाडूचं असं कौतुक क्षणार्धात होतं. फलंदाजाच्या नावापुढे ६७ लिहिलेलं असतं, ते पुसता येत नाही. स्टॉपरचं गणित उलटं. त्याने थांबवलेला गोल कुठल्याच धावफलकावर लागत नाही, आणि न थांबवलेला मात्र जन्मभर दाखवला जातो. म्हणूनच समर्थकांनी फिलिप्सला इटलीच्या थोर बचावपटूवरून गमतीने 'बोल्टनचा बरेझी' म्हटलं, तेव्हा त्यात अर्धी थट्टा होती.

निर्णय घेणाऱ्यांकडे परत येतो. क्लॉपने पुढे उघडपणे मान्य केलं, की फिलिप्स आणि ऱ्हीस विल्यम्स नसते तर संघ चॅम्पियन्स लीगमध्ये नसता. मोठ्या मनाचं बोलणं. पण मला अजूनही वाटतं की नोव्हेंबरात, वेस्ट हॅमनंतर, त्या 'पण'कडे दुर्लक्ष करून फिलिप्सला मागे आणि फबिन्योला पुढे पक्कं केलं असतं, तर अ‍ॅनफिल्डवरच्या त्या सहापैकी दोन-तीन पराभव टळले असते. हे सिद्ध करता येत नाही. प्रशिक्षकाची अडचणही समजते: फबिन्यो मागे इतका चांगला खेळत होता की त्याला हलवायला मन धजलं नसेल. चांगला पर्याय कधी कधी योग्य पर्यायाच्या वाटेत उभा राहतो.

मोसम संपल्यावर पाच दिवसांत लाइपझिगच्या इब्राहिमा कोनाटेचा करार जाहीर झाला. व्हॅन डाइक, गोमेझ, मातिप सगळे परतले. फिलिप्सला ऑगस्टमध्ये नवा करार मिळाला आणि मग राखीव खेळाडूंच्या बाकावरची जागा. पुढे लोनवर बोर्नमथ, जो त्याच मोसमात प्रीमियर लीगमध्ये चढला, मग सेल्टिक, कार्डिफ, डर्बी, आणि २०२५ मध्ये कायमचा वेस्ट ब्रॉमकडे.

मधे एक रात्र मात्र त्याला मिळाली. ७ डिसेंबर २०२१, मिलान, सान सिरो. खऱ्या बरेझीने आख्खी कारकीर्द मिलानसाठी घालवली ते हेच मैदान. लिव्हरपूल चॅम्पियन्स लीगच्या गटात आधीच पहिलं ठरलं होतं म्हणून क्लॉपने राखीव मंडळी उतरवली, आणि कोनाटेच्या शेजारी फिलिप्स. सामना २-१ जिंकून गटातले सहाच्या सहा सामने जिंकणारा लिव्हरपूल पहिला इंग्लिश क्लब ठरला. दुसऱ्या अर्धात आपल्याच पेनल्टी क्षेत्रात चेंडू त्याच्या पायात होता, आणि अंगावर मिलानचे इब्राहिमोविच व केसी. सगळ्यांना वाटलं आता हा चेंडू स्टँडमध्ये जाणार. त्याने तो तळव्याने मागे ओढला, स्वतःभोवती वळला, दोघांनाही उभ्याउभ्या चकवलं आणि शांतपणे चेंडू घेऊन बाहेर आला. नंतर तपासणीत कळलं की त्याच सामन्यात त्याच्या गालाचं हाड मोडलं होतं.